पगार नावाचं क्रियापद

गुरुवार, 24 एप्रिल 2025. लिस्बन

कांपु ग्रांदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आज दालगादोंचं पुस्तक पुन्हा मागवून घेतलं. सेबास्तियाँव रोदोल्फ दालगादो हे बार्देशातल्या आसगावचे, जन्म 1855 चा. धर्मगुरू, कोशकार, आणि उतारवयात याच शहरात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक. पोर्तुगीजांचे शब्द आशियाभरच्या भाषांत कुठे कुठे जाऊन बसले, याची त्यांनी केलेली यादी 1913 साली कुइंब्राला छापली गेली. मराठी माणसाने ती चाळावीच. चावी, साबण, बादली, घमेलं, पाव, लिलाव, फीत, बिजागरी: निम्मं घर तिथे सापडतं.

ही सगळी नामं. तिकडेही नामं, इकडेही नामं. वस्तू आली, तिच्याबरोबर तिचं नाव आलं. 'पगार' मात्र मुळात नाम नाहीच, ते क्रियापद आहे. पोर्तुगीजात 'पगार' म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. आपण ते आहे तसं उचललं, पुल्लिंगी नाम केलं आणि मग त्याला मराठी संसाराला लावलं. पगार झाला, पगार थकला, पगार कापला, भरपगारी रजा, आणि घराघरांतले ते बिनपगारी फुल अधिकारी.

गंमत अशी की पोर्तुगीज माणूस स्वतःच्या महिन्याच्या कमाईला पगार म्हणत नाही. तो 'सालारियु' म्हणतो, नाहीतर 'ऑर्देनादु'. 'पगार' त्याला लागतो तो दुकानात. गल्ल्यावरची मुलगी विचारते, कार्डाने 'पगार' करणार की रोख? आपल्या कानाला वाटतं, वा, आज कोणीतरी पगार देतंय. द्यायचा असतो आपल्याच खिशातून.

हा शब्द आपल्याकडे नेमका कोणत्या तोंडून आला ते कळायला मार्ग नाही, पण जागा कळतात. गोवा 1510 पासून 1961 पर्यंत, वसई 1534 पासून चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेईपर्यंत, शिवाय चौल आणि दमण. या ठिकाणी गोद्या होत्या, कोट होते, जकातीची नाकी होती, आणि तिथे राबणारी माणसं आपलीच होती. सिमाँव बोतेल्यु नावाच्या अधिकाऱ्याने 1554 मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानच्या जमाखर्चाची मोठी वही तयार केली. तिच्यात कप्तानांच्या बरोबरीने नाईक आणि प्यादे यांच्यावरचा खर्चही मांडलेला आहे. त्या नायकाला महिनाअखेरीस मेजापलीकडून जो एक शब्द हटकून ऐकू येत असेल, तो त्याने पैशांबरोबर घरी नेला असावा. घरी नेताना व्याकरण कोण बघतो!

शुक्रवार, 25 एप्रिल

सुट्टी. ग्रंथालय बंद. 1974 साली याच तारखेला तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी इथली जवळजवळ अर्ध्या शतकाची हुकूमशाही उलथवली. बंदुकीच्या नळीत लाल कार्नेशन खोचलेला सैनिक हे त्या दिवसाचं चित्र अजून भिंतींवर दिसतं. पोप फ्रान्सिस सोमवारी गेले. त्यांच्या दुखवट्यामुळे सरकारने आपले उत्सवी कार्यक्रम पुढे ढकलले आहेत, पण आव्हेनिदा द लिबरदादवरची मिरवणूक निघालीच. म्हातारेकोतारे, कडेवरची मुलं, हातोहात फुलं. तासभर चालले आणि परत आले.

घरी सीझर उघडला. पगारचं मूळ लॅटिन रूप 'पाकारे'. 'पाक्स' म्हणजे शांतता, तहाने आलेली शांतता. त्यावरून पाकारे, म्हणजे शांत करणे. आता हे 'शांत करणे' आईने बाळाला थोपटण्यासारखं नाही. इ.स.पू. 57 च्या मोहिमेच्या शेवटी सीझर लिहितो की सगळा गॉल शांत झाला, आणि रोमच्या सिनेटने त्याबद्दल पंधरा दिवसांचा आभारोत्सव जाहीर केला. पाच वर्षांनी व्हर्सिंजेटोरिक्स या गॉलच्याच सरदाराच्या मागे तिथल्या जमाती उठल्या. म्हणजे 57 साली जे शांत झालं होतं ते काय होतं, हे समजून घ्यावं. पुढे ऑगस्टसने आपल्या कर्तबगारीचा लेख कोरवला. त्याची सर्वांत चांगली राहिलेली प्रत आज अंकाऱ्याच्या एका देवळाच्या भिंतीवर आहे. त्यातही हेच क्रियापद. त्याने समुद्र चाच्यांपासून शांत केला, प्रांत शांत केले. करणारा नेहमी 'मी', आणि ज्याला शांत केलं त्याला वाक्यात फक्त कर्माची जागा.

पोर्तुगीजांनी लॅटिनचा हा जुना अर्थही टाकून दिला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतल्या स्वाऱ्यांना ते 'पासिफिकासाँव'च्या मोहिमा म्हणत, म्हणजे शांत करण्याच्या. 1895 च्या डिसेंबरात मोझांबिकमध्ये चायमितीला गुंगुन्याना राजाला पकडलं, लिस्बनला आणून लोकांसमोर मिरवलं आणि अझोर्स बेटांवर धाडलं. तो 1906 मध्ये तिथेच मेला. त्याच 1895 मध्ये गोव्यातल्या पोर्तुगीज सैन्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला. शिपायांनी नकार दिला, बंड केलं, सत्तरीच्या राणे घराण्याची त्यांना साथ मिळाली. ते मोडायला लिस्बनहून खुद्द राजाचा भाऊ आफोंसु फौज घेऊन गोव्यात उतरला. दुसऱ्याला शांत करायला जायचं नाही म्हणून आपल्या माणसांनी बंड केलं, आणि मग त्यांनाच शांत करायला गलबतं आली. सत्तरीत ही हकिगत सांगतात, पण इथल्या ग्रंथालयात ती कोणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

आजची मिरवणूकही शेवटी आफ्रिकेतच पोचते. अंगोला, गिनी, मोझांबिक इथली 1961 पासूनची युद्धं अंगावर आली म्हणून तर त्या अधिकाऱ्यांनी 1974 मध्ये चिलखती गाड्या राजधानीकडे वळवल्या. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला दिल्लीत करार झाला आणि गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने मान्य केलं. तो खरा पाक्स. दोन्ही पक्षांनी सही केलेला.

शनिवार, 26 एप्रिल

पाकारेचा पगार कसा झाला, हे मराठी वाचणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'क'ची जी गत प्राकृतात झाली, तीच पश्चिमेकडच्या लॅटिनमध्ये झाली. सकलचं सगळं झालं, मकरची मगर झाली, तसाच पाकारेचा स्पॅनिश, पोर्तुगीज, कातालान आणि ऑक्सितानमध्ये पगार. फ्रेंच आणखी एक पायरी खाली उतरली आणि 'ग'चाही 'य' केला: पेये. इंग्रजी 'पे' तिथून, नॉर्मन लोकांबरोबर गेला. इटलीत पगारे. फ्रेंच मजुरी 'पे' आणि फ्रेंच शांतता 'पे' यांचा उच्चार आज पुष्कळांच्या तोंडी एकच होतो. शेकडो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या मायलेकी एकाच आवाजात बोलतात.

ज्यूल ब्लॉकने मराठीचा इतिहास लिहिला तो हीच शिस्त घेऊन. पॅरिसला शिकलेला माणूस, फ्रेंच विद्वानांनी लॅटिनच्या लेकींना जे नियम लावले ते त्याने 1914 च्या सुमारास संस्कृतच्या या लेकीला लावून पाहिले. वा. गो. परांजपे यांनी ते पुस्तक मराठीत आणलं. ते आज कोण वाचतं?

पाक्सचं मूळ मात्र शांततेत नाही. त्याचा धातू 'घट्ट करणे, जोडणे, बांधणे' या अर्थाचा. लॅटिनमध्ये त्यावरूनच कराराला 'पाक्तुम' म्हणतात. आणि आपल्या पदरात त्या घराण्याचं काय आलं? पाश. तिकडे तह, इकडे फास.

रविवार, 27 एप्रिल

खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई मोल्दोव्हाच्या आहेत, म्हणजे बोलणं रोमानियन. आमचं दोघींचं संभाषण मोडक्यातोडक्या पोर्तुगीजात चालतं. आज जिन्यात भेटल्या तेव्हा विचारलं, पैसे चुकते करायला तुमच्यात काय म्हणतात? 'प्लती', त्या म्हणाल्या. हे तर स्लाव्ह शेजाऱ्यांकडून घेतलेलं. मग पाकारे तुमच्याकडे आलंच नाही? त्यांनी थोडा विचार केला आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवली. 'इंपका'. नवरा-बायकोचं भांडण होतं, दोन दिवस अबोला होतो आणि मग इंपका होतं. समेट.

यावरून एक कालक्रम हाती लागतो. ट्रेजनने डेशिया, म्हणजे आजच्या रोमानियाची भूमी, जिंकला तो इ.स. 106 मध्ये. 270 च्या दशकात ऑरेलियनने रोमन फौज आणि कारभार तिथून काढून घेतला. पूर्वेकडची लॅटिन पश्चिमेपासून अशी तुटत गेली. तोवर पाकारेचा अर्थ शांत करणे एवढाच होता आणि रोमानियनने तेवढाच जपला. पैशाचा अर्थ पश्चिमेत नंतर चढला. पूर्वेकडे पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी शेजाऱ्याचा शब्द उसना घेतला. काही जण रोमानियनला लॅटिनची लांबची, सासुरवाशीण लेक म्हणून थोडं हिणवतात. या एका क्रियापदापुरती तरी तिनेच आईची ठेव सांभाळली आहे.

दुपारी मार्तीं मोनीजला जाऊन बांगलादेशी वाण्याकडून पीठ आणि कोथिंबीर आणली. चर्चच्या पायऱ्यांवर एक म्हातारी बसली होती. नाणं दिल्यावर म्हणाली, 'देउश ल्य पाग', देव तुमचं चुकतं करो. स्पॅनिशमध्येही हाच आशीर्वाद आहे. घेणाऱ्याने कर्ज मान्य करायचं आणि ते देवाच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं! आपलं कोकणी 'देव बरें करूं' त्या मानाने बिनहिशेबी.

सोमवार, 28 एप्रिल

मेणबत्तीच्या उजेडात लिहिते आहे.

सकाळी ग्रंथालयाला जाण्याआधी कोपऱ्यावरच्या पास्तेलारियात बसले होते. 11:33 ला कॉफीचं यंत्र मध्येच गप्प झालं. कपात अर्धी कॉफी, वरून थेंब थेंब. मालकीणबाईंनी फ्यूज पाहिला, मग दारात गेल्या. समोरचं केशकर्तनालय अंधारात, पलीकडची फार्मसी अंधारात, चौकातले सिग्नल बंद. पाच मिनिटांत बातमी आली की पोर्तोतही वीज नाही, दहा मिनिटांत की माद्रिदमध्येही नाही. स्पेन आणि पोर्तुगाल, अख्खं द्वीपकल्प एका फटक्यात गेलं होतं. मग फोनचं जाळंही हळूहळू मान टाकू लागलं आणि अफवांना मोकळं रान मिळालं. सायबर हल्ला, युद्ध, काय वाट्टेल ते.

विजेच्या या मोठ्या खंडाला इथे शब्द आहे 'अपगाँउ'. स्पेनमध्ये 'अपगोन'. पाँउचा आपण पाव केला, लेइलाँउचा लिलाव केला. हा शब्द चारशे वर्षांपूर्वी आला असता तर आज महावितरणच्या नावाने आपण 'अपगाव झालं' म्हणून ओरडलो असतो. त्याचं क्रियापद 'अपगार', म्हणजे विझवणे, मालवणे. आणि अपगार म्हणजे दुसरं काही नाही, पगारलाच पुढे 'अ' लावलेला. मूळचं तेच शांत करणं. आग शांत केली, दिवा शांत केला.

तर आज दुपारी लिस्बनमध्ये अपगारने पगारला गोत्यात आणलं. कार्डाची यंत्रं बंद. मुल्तिबांकुची नोटा देणारी यंत्रं बंद. फोनवरून पैसे पाठवायची सोय बंद. खिशात नोट नसलेला माणूस काल सधन होता, आज भिकारी. सुपरमार्केटने शटर अर्ध्यावर ओढलं आणि आत फक्त रोखवाले. पाण्याच्या बाटल्यांसाठी रांग, बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओसाठी त्याहून मोठी रांग. भुयारी रेल्वे थांबली ती थांबलीच. नदीपलीकडे राहणारे लोक पायी निघाले होते.

माझ्या पाकिटात रोख नव्हतीच. कॉफी आणि टोस्टचे पैसे द्यायचे होते. मालकीणबाईंच्या पाठीमागे, बाटल्यांच्या फळीवर, झे पुव्हिन्युची मातीची मूर्ती आहे. दाढीवाला, गोल चेहऱ्याचा, डोक्यावर टोपी, एक हात दुसऱ्या हाताच्या कोपराच्या लवणीत मारून मूठ वर केलेली, म्हणजे आपल्या भाषेत अगदी 'घे!'. राफाएल बोर्दालो पिन्हेइरो या व्यंगचित्रकाराने 1875 साली हा सामान्य पोर्तुगीज रंगवला आणि तेव्हापासून तो इथल्या गुत्त्यांच्या फळीवर बसून आहे. खाली लिहिलेलं असतं: उधार हवंय? घे! आपल्याकडच्या 'आज रोख, उद्या उधार' या पाटीचा हा सख्खा भाऊ, फक्त थोडा अधिक उद्धट.

बाईंनी मूर्तीकडे पाहिलंही नाही. काउंटरखालून आडव्या रेघांची वही काढली, कानामागची पेन्सिल घेतली आणि एकेकाचं लिहायला लागल्या. नाव ठाऊक नव्हतं त्यांच्या पुढे खूण. एकासमोर 'मिशीवाला', एकासमोर 'टपालातला'. मला डोकावून पाहता आलं: माझ्यापुढे 'पुस्तकवाली'. रक्कम, आणि रकमेभोवती पेन्सिलीचा गोल. चुकतं झालं की गोलावर फुली मारायची. ही पद्धत त्यांच्या आईची, असं त्या म्हणाल्या. फ्रीजमधलं आइस्क्रीम वितळायच्या आत त्यांनी गल्लीतल्या मुलांना वाटून टाकलं, ते मात्र वहीत नाही.

संध्याकाळी लोक खुर्च्या घेऊन बाहेर बसले. एकाच्या गाडीतला रेडिओ सगळी गल्ली ऐकत होती. त्यावर कळलं की वीज परत उभी करायला कास्तेलु दु बोदचं जलविद्युत केंद्र आणि पोर्तोजवळचं तापादा दु ओतेइरो, ही दोन चालू केली आहेत. बाहेरच्या विजेची मदत न घेता स्वतःच सुरू होऊ शकणारी केंद्रं ती.

रात्री अकराच्या आसपास दिवे आले. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

मंगळवार, 29 एप्रिल

सकाळी यंत्रातून नोटा काढल्या आणि पास्तेलारियात जाऊन कालचे पैसे दिले. बाईंनी वहीत फुली मारली आणि म्हणाल्या, 'इश्तामुश कीत्श'. आता आपण सुटलो, बरोबरी झाली. 'कीत्श' फ्रेंचांकडून आलेला आणि मागे लॅटिन 'क्विएतुस', म्हणजे निवांत, शांत. पैसे देणं हेही शांत करणं, आणि देऊन झाल्यावरची अवस्था तीही शांतच. रोमन लोकांकडे याहून कामाची क्रियापदं होती. 'सोल्व्हेरे', म्हणजे गाठ सोडवणे, देण्यातून सुटणे. 'पेंदेरे', म्हणजे तोलणे, कारण नाण्याच्या आधी धातू तोलून देत. ही दोन्ही देणाऱ्याच्या बाजूची. एक त्याची सुटका सांगतं, दुसरं त्याच्या हातातला तराजू. पश्चिमेकडच्या लेकींनी या कामासाठी दोन्ही टाकली आणि तिसरंच धरलं. ते घेणाऱ्याच्या मनाकडे पाहणारं: समोरचा शांत झाला का? झाला असेल तर पैसे दिले गेले.

आणि हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मराठीत देणं भागवतात. तहान भागवतात, भूक भागवतात, गरज भागवतात, आणि सावकाराने दारात धरणं धरलं तर त्याचं देणंही भागवतात. इटालियन 'अप्पागारे' तंतोतंत इथेच उभं आहे. तहान, इच्छा, उत्सुकता हे सगळं अप्पागारे होतं. स्पॅनिश माणूस तहान 'अपगार' करतो, दिवा 'अपगार' करतो, आणि चुनखडी भाजून केलेला कळीचा चुना पाण्यात टाकून विरवतो तोही 'अपगार'च. आपल्याकडे देवापुढच्या निरांजनाला कोणी विझलं म्हणत नाही, शांत झालं म्हणतात. त्यामागे अशुभ टाळायची भीती आहे. स्पॅनिशात तशी भीती नाही, तरी दिवा शांतच होतो.

एवढी सगळी जुळणी पाहून कोणी लगेच म्हणेल की हे आपल्याकडूनच तिकडे गेलं. कृपा करून म्हणू नये. भागवणे आणि पाकारे यांचं रक्ताचं नातं काही नाही. सावकार सगळीकडे होते आणि ते सगळीकडे अशांत होते.

बुधवार, 30 एप्रिल

अक्षय्य तृतीया. वहिनींचा फोन. परवाच्या अंधाराची चौकशी झाली, मग आंब्याचे भाव, मग भाच्याची नवी नोकरी. 'त्याचा पहिला पगार झाला हो,' हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. इथेही आज महिन्याचा शेवटचा कामाचा दिवस. पोर्तुगालमध्ये वर्षाला चौदा पगार होतात, बारा महिन्यांचे बारा, एक उन्हाळी सुट्टीचा, एक नाताळचा. किमान पगार 2025 साली 870 युरो. लिस्बनची भाडी पाहता या आकड्याने कोणाचं काय भागतं, ते भागवणाऱ्यालाच माहीत.

शांत करण्याचा पैसा देण्याशी संबंध पश्चिमेत कसा जुळला असेल, याचा विचार करताना सहाव्या शतकाच्या सुरुवातीची फ्रँक लोकांची सालिक संहिता घेऊन बसले. खून झाला तर मेलेल्याच्या कुळाला किती द्यायचं, त्याचं दरपत्रक तिच्यात आहे. स्वतंत्र फ्रँक मारला तर 200 सोलिदुस. राजाच्या खास पथकातला असेल तर 600. जमीनजुमला असलेला रोमन, म्हणजे ज्यांचं राज्य काल होतं ते, 100. रक्कम दिली नाही तर वैर पिढ्यान्‌पिढ्या चालायचं. दिली तर कुळ शांत. याच दंडातून पाकारेला पैशाचा अर्थ आला असं पुराव्याने सांगता येणार नाही. पण त्या जगात समोरच्याला शांत करणे आणि त्याला पैसे देणे ही दोन कामं वेगळी नव्हती एवढं त्या यादीवरून दिसतं. अर्ध्या दरात शांत होणाऱ्या रोमन कुळाला काय वाटलं असेल?

मध्ययुगात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. जुन्या फ्रेंचमध्ये 'पायेर' म्हणजे खूश करणेही आणि पैसे देणेही. सिदच्या स्पॅनिश महाकाव्यात वीर 'पगादो' होतो तेव्हा त्याला कोणी पैसे दिलेले नसतात, तो संतुष्ट झालेला असतो. चौदाव्या शतकातल्या 'पर्ल' या इंग्रजी काव्यात 'पे' म्हणजे राजपुत्राचा संतोष. मग बाजार वाढला, नाणं वाढलं आणि संतोष गळत गेला. आज स्पॅनिशात उरलेला 'पगादो' म्हणजे स्वतःवरच खूश असलेला, शिष्ट माणूस. इटालियन 'पागो' मात्र अजून तृप्त आहे.

गुरुवार, 1 मे

आज इथे कामगार दिन, आपल्याकडे कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन. दुकानं बंद. दुपारी कामगार संघटनांचा मोर्चा पाहिला. फलकांवर 'सालारियु' होता, 'पगार' कुठे नव्हता, आणि क्षणभर चुकल्यासारखं झालं. थकलेला पगार मिळावा म्हणून गिरणगावात निघालेले मोर्चे ज्या पिढीने पाहिले, तिच्या कानाला मोर्चा म्हटला की तो शब्द हवाच.

दालगादोंच्या नोंदीवरचं टिपण आज पुरं केलं. शेवटी एक वाद उरतो, त्यावर माझं मत लिहून ठेवते. भाषाशुद्धीवाल्यांनी पगाराच्या जागी वेतन बसवलं. सरकारने ते उचललं, आयोगही वेतन आयोगच. वेतनाबद्दल माझी तक्रार नाही, कागदावर ते शोभतं. पण पगार परका म्हणून काढायचा असेल तर पावापासून चावीपर्यंत घर रिकामं करावं लागेल. आणि काढून तरी काय मिळणार? पोर्तुगीजांकडे जे नुसतं क्रियापद होतं त्याला महिन्याच्या कमाईचा अर्थ मराठीने, गुजरातीने, कोकणीने दिला. पोर्तुगालमधल्या नेहमीच्या कोशात तो सापडायचा नाही. त्या अर्थाने पगार हा मराठी शब्द आहे, आणि नव्या कोशकारांनी त्याच्यापुढे कंसात नुसतं 'पोर्तु.' एवढं लिहून थांबू नये.